अननस म्हणून ठेवलेला डबा

टकटकबाई हे तिचं नाव कारखान्याने ठेवलेलं. डबाबंद खाण्याच्या त्या कारखान्यात ती सत्तावीस वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभी आहे, हातात पेन्सिलीएवढी लोखंडी काडी घेऊन. डबे समोरून जातात आणि ती प्रत्येकाच्या झाकणावर टक् करते. नीट बंद झालेला डबा खणखणीत वाजतो. हवा शिरलेला सर्दी झाल्यासारखा बोलतो. तो ती बाजूला काढते. पुढे पुढे तिला आत काय आहे हेही आवाजावरून कळायला लागलं.

लेबल न चिकटलेले डबे कामगारांना मिळत. तिच्या घरच्या फळीवर असे कोरे, चंदेरी डबे ओळीने असत. घरी आली की ती एक उघडायची आणि उभ्या उभ्या चमच्याने खायची. त्यातही जीव होता मासळीवर. टोमॅटोच्या दाट रसातली, काटासुद्धा मऊ झालेली, खारट मासळी.

गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. जग दुधात भिजवल्यासारखं झालं. रस्त्यावरचे दिवे उमलून मोठे व्हायचे, माणसं कडा विरघळलेली अशी तरंगत यायची आणि बोलली की त्यांतली कुणी शेजारीण व्हायची. तिला ते आवडलंही असतं, एकदा जिन्याची शेवटची पायरी हुकली नसती तर.

ऑपरेशनच्या टेबलावरून ती दोनदा परत आली, वाढलेल्या रक्तदाबामुळे. डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा आणि डबे विसरा. दीडशेच्या आत आलात तर गुरुवारी करतो. आणखी लांबलं तर नजर किती येईल, मी सांगू शकणार नाही."

धाकटी बहीण त्याच दिवशी बॅग घेऊन राहायला आली. तिने फळी रिकामी केली आणि डबे जमिनीवर मांडले.

"वाजव. खारट ते शेजारी जाणार."

"अगं, माझ्याच हाताने मला उपाशी मारतेस?"

"तुझ्या कानाने. हात मागाहून."

टकटकबाई वाजवत गेली. मटार. मका. मटार. सातव्या डब्यावर काडी पडली आणि तिचं तोंड पाण्याने भरलं. तिने क्षणभर डोळे मिटले.

"अननस," ती म्हणाली. "राहू दे."

मग उकडलेल्या भाज्यांचे दिवस सुरू झाले. गाजर, कोबी, पुन्हा गाजर. "सशाच्या जन्माला घातलंस मला," ती म्हणायची आणि निमूट गिळायची. दुपारी खिडकीपाशी बसली की त्या धूसर उजेडात फळीवरचा डबा तेवढा चमकायचा. झोपेत झाकण हळूच वर यायचं, लाल रस काठाशी डुलायचा, आणि चमचा बुडणार एवढ्यात जाग यायची. डबा तिने एकदाही हातात घेतला नाही. घेता येईल, एवढं मात्र रोज मनाशी म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी ती अंघोळ करून बाहेर आली, तर बहीण लाडात होती.

"शहाण्यासारखी वागलीस ना, म्हणून अननस. दोनच चकत्या हं."

झाकण निघालं. मासळीचा वास खोलीभर पसरला.

"ताई," बहिणीचा आवाज एकदम बारीक झाला, "कानही गेला का गं तुझा?"

हो म्हणणं किती सोपं होतं. म्हातारपण म्हटलं की सगळं झाकलं जातं. पण पट्ट्यावर ती ज्या डब्याला बरा म्हणते, तो कुणाच्या तरी घरी उघडला जातो. आणि बहिणीचं ते धूसर तोंड आता खरंच घाबरलं होतं.

"कान शाबूत आहे," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

बहीण खुर्चीत बसली. "खाणार होतीस?"

"रोज. आज जास्त."

"आणि मी बावळट, तुझ्यासाठी वाटी पुसून ठेवली!" बहिणीने डबा पुढ्यात ओढला आणि रागाने एक घास तोंडात टाकला. मग दुसरा.

"अगं, ती माझी आहे!"

"होती."

टकटकबाई खुर्ची ओढून जवळ बसली. मग म्हणाली, "निदान सांग तरी, कशी आहे?"

"खारट."

"ते मला माहीत आहे. पुढे?"

बहिणीने सावकाश चावलं. "आधी आंबट लागते. मग मऊ. काटा कळतच नाही, नुसता विरघळतो. मीठ सगळ्यात शेवटी येतं, इथे, जिभेच्या मागे." टकटकबाईने डोळे मिटले आणि रिकामा घास गिळला. डबा संपेपर्यंत बहीण सांगत राहिली. राग कुठल्या घासाला गेला, दोघींनाही कळलं नाही.

सकाळी दवाखान्यात नर्सने दंडाला पट्टा आवळला. बहीण भिंतीकडे बघत उभी होती.

"एकशे शेहेचाळीस," नर्स म्हणाली. "चला आत."

"हिचाही बघा," टकटकबाई उठता उठता म्हणाली. "काल हिने फार मीठ खाल्लंय."