दारापलीकडचं माणूस

शिराळ्याच्या अलीकडे आमचा मळा. घराच्या तीन बाजूंना ऊस आणि चौथीकडे रस्त्याला जाणारी पाणंद. शेजारच्या वस्तीवर चोरी झाली, तिथल्या म्हातारा-म्हातारीला दोरानं बांधून घातलं, आणि आमच्या घरातल्या निवृत्त सुभेदाराला पुन्हा ड्यूटी लागली. सुभेदार म्हणजे आमचे हे. परवान्याची दुनळी बंदूक इतकी वर्षं कपाटात पडून होती, ती पलंगाशी आली. खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसल्या, दिवस मावळायच्या आत दारांना कड्या लागू लागल्या. मी म्हटलं, चोर मोकळे आणि आपणच कोंडलेले. ह्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग काडतुसांचं सुरू झालं. साताऱ्याहून हे दोन तऱ्हेची घेऊन आले. एक पाखरांसाठीचं बारीक छऱ्याचं, दुसरं एल.जी., त्यात वाटाण्याएवढ्या गोळ्या. घरात कोणतं भरून ठेवायचं, यावाचून दोन दिवस जेवताना दुसरं बोलणं नाही. शेवटी एका सकाळी ह्यांनी आमचंच एक जुनं, काढून ठेवलेलं दार बांधाला टेकवून उभं केलं, पावलं मोजली आणि दोन्हींचा एकेक बार काढला. बारीक छरे बरेचसे फळीतच अडकले. एल.जी. दार फोडून मागच्या मातीत गेली. ह्यांचा चेहरा खुलला. हेच भरायचं, म्हणाले.

मी त्या भोकात बोट घातलं. ते सहज पलीकडे निघालं. आमचं घर दोन खोल्यांचं. आत आम्ही, बाहेरच्या खोलीत सासूबाई, मध्ये अगदी असंच दार. ह्यांनी उभा जन्म पलटणीत चांदमारी केली, पण तिथे निशाणाच्या मागे सरकारनं मातीचा बांध घातलेला असे. पलीकडे कोण आहे हे बघायची वेळ ह्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"आवं, दाराच्या पल्याड आत्याबाईंची खाट हाय," मी म्हणाले.

हे आत जाऊन खाट बघून आले. मग आठ दिवस घरात पलंग फिरत राहिला. कुठल्याही कोपऱ्यात उभं राहा, बंदुकीच्या तोंडापुढे कुणाची तरी खाट, नाहीतर पत्र्यापलीकडची म्हैस. बारीक छऱ्यांनी चोर अडेल, याचाही ह्यांना भरवसा वाटेना. शेवटी ह्यांनी तोड काढली. तिघांनीही आतल्या खोलीत निजायचं, एल.जी. भरून बंदूक दाराकडे रोखलेली. दारापलीकडे जो असेल तो चोर.

सासूबाई म्हणाल्या, "आरं, चोर यायचा तवा यील. मला रोज उठून भायेर जावं लागतंय, त्येचं काय?"

आवाज देऊन येत जा, असं त्यांना सांगण्यात आलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. मला चोराची भीती राहिलीच नव्हती. मला ह्यांची वाटत होती.

एकदा पहाटे मी धार काढून आले. बाहेरचं दार लोटून आत शिरले आणि मधलं दार ढकललं. माझ्यामागे त्याला आतून कडी लागली होती. पलीकडे उघडी ठेवलेली दुनळी मिटून बार काढायला तयार केल्याचा खट्‌ असा आवाज झाला.

"कोन हाय?"

"मी हाय."

"मी कोन?"

तीस वर्षांचा संसार, आणि माझा आवाज ओळखू येईना. मी सरकून विटांच्या भिंतीआड झाले, चरवी घट्ट धरून खाली बसले आणि तिथून माझं पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट.

दार उघडलं तेव्हा बंदूक अजून ह्यांच्या हातातच होती. सासूबाई मागे उठून बसल्या होत्या. मी दूध तापवायला ठेवलं.

बंदूक अजून भरलेलीच असते. मी मात्र माझ्याच घरातल्या त्या दारासमोर आता उभी राहत नाही. भिंतीआड थांबते, नाव सांगते आणि आतून 'ये' म्हणेपर्यंत हलत नाही.