एक्कावन्न रुपये

रविवारी सकाळी मालतीकाकूंचा कथासंग्रह ई-बुक म्हणून प्रकाशित झाला. काकू आमच्या शेजारी राहतात. दोन प्रकाशकांनी गोष्टी परत पाठवल्यावर त्यांनी पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं. संगणकासमोर त्यांची सून नेहा बसली होती, मी बाजूला खुर्ची ओढून बघत होतो. किमतीच्या चौकटीपाशी काम अडलं.

"आई, एकोणपन्नास टाकू? सगळे तेच टाकतात."

"एक्कावन्न टाक. कुणाला काही द्यायचं तर वर रुपया हवाच."

"अहो, हे लग्नाचं पाकीट नाहीये! त्यापेक्षा फुकटच ठेवू."

"फुकटचं कुणी उघडत नाही. नात्यातले भिडेखातर वाचतील गं. एखाद्या परक्या माणसाने वाचलं तर ते खरं."

नेहाने हसत एक्कावन्न लिहिलं आणि बटण दाबलं. कसलाही आवाज झाला नाही. छापखान्याची धडधड ऐकल्याशिवाय मजकूर लोकांपर्यंत गेला असं मला वर्तमानपत्रातल्या नोकरीभर कधी वाटलं नव्हतं. इथे ना शाईचा वास, ना सुतळीने बांधलेले गठ्ठे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलेल्या गोष्टी, जिथे जिथे कुणी मराठी वाचतं, त्या प्रत्येक दाराशी एकाच क्षणी जाऊन उभ्या होत्या. खोलीत पंखा तेवढा फिरत होता.

बुधवारी पुस्तकाखाली पहिला अभिप्राय आला. नॉर्वेत राहणाऱ्या एका बाईने लिहिलं होतं, की शेवटची गोष्ट तिने साताऱ्याला असलेल्या आईला फोनवर मोठ्याने वाचून दाखवली.

"ही कोण?" काकूंनी विचारलं.

नेहाने सासर-माहेरच्या सगळ्या नातेवाइकांकडे चौकशी केली. त्या बाईला कुणीही ओळखत नव्हतं.