अर्धा हंडा पाणी

मालनबाई माझी थोरली जाऊ. भोयाच्या घरात जलमली, भोयाच्याच घरात नांदली. लई चांगली होती, असं समदं गाव म्हणतं. गावाचं काय जातं म्हणायला! एका चुलीवर राह्यले असते तर कळलं असतं.

गंगेच्या, म्हंजी आमच्या गोदावरीच्या, डोहातून मरळ ती धरायची तशी मीबी धरायची. पर तीर्थपुरीच्या बाजारात तिची मरळ हंड्यात शेपूट आपटायची, अन् माझी पोट वर करून पडलेली. बाळंतिणीसाठी जित्ती मरळ न्यायला आलेलं गिऱ्हाईक मला वलांडून तिच्याकडं जायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! वाटायचं, हंड्यात कायतरी मंतरून ठिवलंय हिनं.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या दुसऱ्या साली सासूबाई म्हणल्या, "दोघींनी कशाला जायाचं? उद्या जिची मरळ जित्ती ऱ्हाईल तिनंच हितून पुढं बाजार करायचा. दुसरीनं म्हशी राखायच्या."

बाजार म्हंजी चार माणसं, चहा, बांगड्यावाल्याशी घासाघीस. अन् म्हशी म्हंजी म्हशी! फटफटायच्या आधी उठले, तिचा चेपलेला हंडा मासळीसकट उचलला, माझा मरळींनी भरलेला तिच्यासाठी ठिवला. बघते तर पाणी अर्धंच. कंजूष मेली! वढ्यावर हंडा काठोकाठ भरला, मासा उडू नये म्हणून वर झाकण गच्च बांधलं, अन् मान मोडस्तोवर वझं वाहत बाजार गाठला. झाकण सोडलं, तर पाचीच्या पाची मेलेल्या.

मागून मालन आली, माझा हंडा घिऊन. पाणी तिनं अर्धं वतून दिल्तं. आतल्या मरळी जित्त्या. माझ्याकडच्या हंड्यात वाकून म्हणली, "अगं, मरळ वर येऊन हवा घेती. तू जागाच ठिवली न्हाई. पाण्यात बुडवून मारलंस की माशाला!"

हंडा चोरल्याचा एक शबूद काढला न्हाई.

तिच्या मरळी घटकाभरात खपल्या. घरी सासूबाईंनी दोन्ही हंडे पाहिले. माझा रिकामा, चेपलेल्यात मेलेली मासळी.

"मालन, तुझ्याच मेल्या व्हय?"

"व्हय, माझ्याच," ती म्हणली अन् म्हशी सोडायला गेली.

त्यापरीस झिंज्या धरून चौकात नेलं असतं तर बरं झालं असतं! उपकार करून गेली, भांडायलाबी जागा ठिवली न्हाई.

तवापासून बाजार माझा. गिऱ्हाईक इचारायचं, "मावशी, तुमचीच मरळ बराबर जित्ती कशी?" मी म्हणायची, "हाताला गुण हाय माझ्या."

मालन म्हशी राखता राखता गेली. तिचं नाव मी आज पहिल्यांदा घिऊन राह्यले.