पावण्यांना वळसा

या गं बायांनो, अशा जवळ या. आणि ते फोन जरा पालथे ठेवा, पळून नाही जात. बदलापुरात फ्लॅट बघायला येता, खिडकीतून डोंगर दिसतो का विचारता, पाण्याची वेळ विचारता. पायाखाली कोण राहतं, हे एकीनं तरी विचारलंत का? आमच्या काकीनं तुम्हाला चांगलं झापलं असतं.

काकी म्हणजे हेंद्रेपाड्यात आमच्या इमारतीमागं जिचं भाताचं शेत होतं, ती. नात्याची नव्हे. मी अंबरनाथच्या कारखान्यातल्या कामगाराची बायको, घाटावरून लग्न होऊन आलेली, ती इथलीच. पहिल्यांदा दिसली तेव्हा मला वाटलं, बाई थोडी हललेली आहे. उन्हाळ्यातलं मोकळं शेत, ना झाड ना दगड. डोक्यावर शेणाची पाटी घेऊन ही सरळ चाललेली, आणि मधेच गोल वळली. कशाला तरी वळसा घालून पुन्हा सरळ. मी मागून आपली नाकासमोर निघाले, तशी ओरडली,

"ए बाय! वळसा घाल, पावणे बसलेत!"

मी खाली बघितलं. ढेकळं होती.

मग बांधावर बसवून तिनं सांगितलं. ती नवी नवरी असताना सासऱ्यांनी तिथं आंब्यासाठी खड्डा खणायला घेतला. खाली मडकं लागलं, अर्धं काळं, अर्धं लाल. आत हाडांचे तुकडे आणि एक मणी. खड्डा रुंद करावा तर दगड लागले, एकाला एक लागून, गोलात मांडलेले. घरचे घाबरले. सासरे मात्र म्हणाले, "कोणीतरी आपलं माणूस नीट ठेवलंय," आणि मणीसुद्धा आत टाकून माती ओढली. आंबा बांधावर लावला. तेव्हापासून ते पावणे.

"पण काकी," मी म्हटलं, "ते आधीपासून आहेत ना? मग पावणे आपण."

तिनं मिश्री लावता लावता विचार केला. "मग तर जास्तच वळसा घालाया पायजे."

आता खरी गंमत ऐका. भात लावलं की सगळं शेत एकसारखं हिरवं. पण भादव्यात दोनचार दिवस उघडीप मिळाली, की बरोब्बर त्या दगडांवरचं भात आधी पिवळं पडायचं. बाकीचं शेत हिरवं आणि मधे पिवळं कडं, बांगडी काढून ठेवल्यासारखं. बांधावरून त्याची एक बाजूच दिसायची, पण दिसायची. कॉलेजातल्या एक बाई ऐकून बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, खाली दगड आहेत, माती कमी, ओल टिकत नाही. असे दगड मांडून मेलेल्यांना पुरायची फार जुनी रीत होती म्हणे, अंबरनाथचं शिवमंदिर बांधलं त्याच्याही कितीतरी आधीची.

"खणून बघायला हवं, आजी," त्या म्हणाल्या.

"बघा की. पण आधी तुमच्या घरी कोण झोपलंय त्याची चादर ओढून या."

बाई हसल्या. चहा पिऊन, फोटो काढून गेल्या. जाताना त्यांनीही वळसा घातला, ते काकीला फार आवडलं.

त्या कड्याचं सूपभर भात काकी आधी कापायची. वाळवून, उखळात सडून, त्याचा भात सर्वपित्रीला करायची. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचा दिवस तो. घरच्यांची पानं घरात. एक पान मात्र शेतात, कड्याच्या बाहेर. वर वडे, खीर, भोपळ्याची भाजी. "नाव ठाव नाय, जात ठाव नाय. भूक तर ठाव हाय ना?" म्हणायची. आणि उरलेले वडे आमच्या घरी. आमचे हे तर पितृपक्षाची वाट बघायचे, बाई!

पुढं तिच्या मुलाला घर बांधायचं झालं. चांगला मुलगा, उल्हासनगरात फर्निचरच्या दुकानात कामाला. जुनं घर गळत होतं, सूनबाई कंटाळली होती. रस्त्याकडेची जागा सोयीची, पण पाया नेमका अर्ध्या कड्यावर येत होता. काकी म्हणाली, सरकव. तो म्हणाला, "आये, पावण्यांपायी आम्ही काय बांधावर झोपू?" चार दिवस मायलेकरं भिंतीशी बोलत होती. शेवटी ठरलं, एक भादवा थांबायचं. कडं नीट दिसलं, तर पाया सरकवायचं बघू.

आणि त्या वर्षी पाऊस हटेचना! सगळं शेत हिरवंगार. कड्याचा पत्ता नाही. सगळे तिला चिडवायला लागले. मुलगाही म्हणाला, "आये, यंदा तुझ्या पावण्यांनी दांडी मारली. घेऊ पाया?"

 काकीचा पडलेला चेहरा मी तेवढा एकदाच पाहिला. पण सर्वपित्रीला दुकानातले तांदूळ शिजवून तिनं पान वाढलंच. गुडघे धरलेले, चिखलात उतरता येईना. मुलाच्या हातात पान दिलं आणि आम्ही दोघी बांधावर छत्री धरून उभ्या.

तो हिरव्या भातातून सरळ निघाला. ही ओरडली, "अरे वळसा घाल!" तो जागच्या जागी थबकला. मग गोल फिरला.

"इथं ठेवू?"

"इतक्या जवळ नको. जेवताना कोणी उरावर उभं राहिलेलं तुला चालतं का?"

तो हसला. पान ठेवलं आणि भर पावसात तिथंच उभा राहिला. कडं दिसत नव्हतं, तरी आई रेघ आखल्यासारखी सांगत होती, ते त्याला लागलं असावं. मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर कंत्राटदार फक्की टाकून पाया आखायला आला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तो म्हणत होता, "भाई, लाइन तो सीधीच जाएगी." आणि मुलगा म्हणाला, "नाय रे. वळसा घालून घे. पावणे बसलेत."

मी ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून काकीला सांगायला पळाले. तर ती ओट्यावर लसूण सोलत बसलेली. "आयकला मी," म्हणाली, आणि सोललेल्या पाकळ्या सालांच्या ढिगात टाकत राहिली.

त्या वळशापायी स्वयंपाकघराची भिंत तिरकी आली. कपाट आजही कोपऱ्यात बसत नाही. फर्निचरवाल्याच्या घरी, बघा!

पुढच्या भादव्यात चांगली उघडीप मिळाली. मुलानं आणि सुनेनं काकीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आमच्या इमारतीच्या गच्चीवर चढवलं. खाली अख्खं कडं, पिवळंधमक. इतकी वर्षं बांधावरून एक बाजूच बघितलेली. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"अगो बाय," म्हणाली, "कशी ऐसपैस बसलेत!"

गेल्या माघात काकी गेली, झोपेतच. सुनेला आधीच बजावून ठेवलं होतं, "माझी तिथी तुझा नवरा विसरल. मला शेतातच वाढा, त्यांच्या पंगतीला." आता सूनबाई शेतात दोन पानं ठेवते. वडे काकीसारखेच फुगतात.

तेव्हा या भादव्यात या, बायांनो, लवकर या, कडं कापायच्या आत. गच्चीची किल्ली माझ्याकडे असते. फक्त शेतातून येणार असाल तर सरळ येऊ नका.