नळाच्या तोंडाचं फडकं

बांगलादेशची लढाई संपून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांना नळ आला आणि मी लगेच त्याच्या तोंडाला जुन्या धोतराचं तीनपदरी फडकं बांधलं. पावसाळ्यात पाणी तांबूस यायचं, ते फडक्यातून निवळ दिसायचं. सातवी शिकून साताऱ्याहून आलेली सून मी. मला त्या फडक्याचा कोण अभिमान!

सासूबाई विट्याकडच्या कोरडवाहू गावच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. माठात तांब्या बुडवताना त्यांची चार बोटं हमखास पाण्यात जायची. मी लांब दांड्याचं ओगराळं आणून ठेवलं, तर म्हणाल्या, "आमी हिरीत उतरून पानी प्यालोय, आन् हिला माजी बोटं टोचत्यात!" तेव्हापासून आमचं पाण्यावरून वाजायचं. नवरा कुपवाडच्या कारखान्यातून आला की मुकाट्यानं जेवून घ्यायचा.

मग माझी वर्षभराची लेक हगवणीनं आजारी पडली. दोन दिवसांत डोळे खोल गेले, ओठ सुकले, रडायलाही आवाज निघेना. मी भीतीनं वेडी झाले होते. "तुमच्या बोटांनीच झालं हे," असं आत्याबाईंना तोंडावर म्हणाले. एरवी एकाला चार ऐकवणारी बाई, त्या दिवशी नातीला मांडीवर घेऊन नुसती पदरानं वारा घालत राहिली.

शेजारणीनं नर्सबाईंना बोलावून आणलं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून चमच्या-चमच्यानं पाजायला त्यांनी सांगितलं. "लघवी झाली की धोका टळला समजा. संध्याकाळपर्यंत नाहीच झाली, तर मोठ्या दवाखान्यात न्या." मग हात धुवायला नळापाशी गेल्या आणि फडकं सोडून त्यांनी उलटं केलं. आत हिरवट बुळबुळीत गाळ, त्यात तांबडी अळी वळवळत होती.

"हे कधी धुतलं होतं?"

"रोज पाणी जातंय की त्यातून," मी म्हणाले.

"बाई, नळाच्या पाण्यात औषध असतं. ते तुम्ही या घाणीतून काढताय. गाळायचं तर भांड्यावर गाळा, आणि फडकं रोज उकळून उन्हात वाळवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला मीच रोज ते पाजत होते, आणि वर बोल लावला सासूला. मी आत्याबाईंचे पाय धरले.

"पाय सोड. आदी पानी उकळाय ठेव," त्या म्हणाल्या. "माजी बोटं तरी कुटं सोवळी हायती?"

दिवसभर आम्ही आळीपाळीनं चमचा धरला. पोरीनं सुरुवातीला ओकून टाकलं, मग थोडं थोडं पोटात राहायला लागलं. ऊन उतरताना आत्याबाई एकदम ओरडल्या. हातातलं भांडं टाकून मी धावले. त्यांचं लुगडं मांडीवर ओलंचिंब झालं होतं, आणि त्या हसत-रडत सांगत होत्या, "मुतली गं बाई, मुतली!"