दिगंबरभाऊंच्या तीनचाकीची बॅटरी

“बॅटरी फुल हाय मॅडम, मोटार गेली म्हनतेत,” टेम्पोत बसल्या बसल्याच दिगंबरभाऊंनी निकाल देऊन टाकला. मागे त्यांची बॅटरीवर चालणारी तीनचाकी होती, दिव्यांग शिबिरात मिळालेली. चार्जर लावला की लगेच हिरवा दिवा लागतो, म्हणजे बॅटरी भरलेली. तरी गाडी हलत नाही, म्हणजे दोष मोटारीचा, असं अंबडच्या एका मेकॅनिकने त्यांना सांगितलं होतं.

जालन्यात माझं लिथियम बॅटऱ्या दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. त्याआधी मी एका कंपनीत टेस्टिंगला होते. हिरव्या दिव्यावर माझा काडीचा विश्वास नाही. बॅटरीचं झाकण उघडून थेट आतल्या सेलवर मीटर लावला. सव्वीस व्होल्टच्या आसपास हवे होते, तिथे जेमतेम बारा होते.

“मोटारीला काही झालेलं नाही. किती दिवस उभी होती गाडी?”

भाऊ बायकोकडे बघायला लागले.

“वापरलीच न्हाई की ताई,” सुमनवहिनी म्हणाल्या. “नवीकोरी वस्तू. रोजच्याला हाताची सायकल होतीच. म्हन्लं, ही लग्नाकार्याला काढू. चादरीखाली झाकून ठिवल्ती. लेकरान्ला बिलकुल हात लावू दिला न्हाई.”

सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच होतं. मला हसावं की चिडावं कळेना, म्हणून मी चिडले. एवढी जपली, तिथेच घात झाला.

बॅटरीच्या आत बीएमएस नावाचं एक सर्किट असतं. सेलची राखण करणं हे त्याचं काम. गाडी उभी असली तरी ते थोडा थोडा करंट खातच असतं. बॅटरी फार उतरली की ते दार लावून घेतं. मग चार्जरला पलीकडे काही दिसतच नाही, आणि काही दिसलं नाही की तो हिरवा दिवा लावून मोकळा होतो.

“आता इतक्या दिवसांनी कशाला काढली?” मी जरा रागातच विचारलं.

मग खरं कारण कळलं. भाऊ अंबडच्या कोर्टाबाहेर अर्जनवीस आहेत. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं लिहून देतात. गावाबाहेरच्या वस्तीवरून कोर्टापर्यंत वर्षानुवर्षं हाताने पॅडल मारत जायचे. त्यात दोन्ही खांदे गेले. डॉक्टरांनी हाताची सायकल बंद म्हणजे बंद सांगितली. आता पुतण्या मोटरसायकलवर नेतो, त्याला सवड असेल तेव्हा.

“उचलून ठिवतो, उचलून आनतो. पोत्यावानी,” भाऊ म्हणाले. “लई जीव लावतो त्यो, पर मला सहन न्हाई होऊ राह्यलं. ही गाडी न्हाई चालली तर मी काम सोडून घरीच बसनार हाय.”

माझा राग कुठच्या कुठे गेला. ही गाडी चालवायचीच, असं मी ठरवून टाकलं.

पण ठरवून सेल जिवंत होत नाहीत. आत आठ सेल होते. सहा सेल दोन व्होल्टच्या आसपास, म्हणजे उपाशी पण धुगधुगी असलेले. सातवा अर्ध्या व्होल्टवर. आठवा शून्य, वर पोट फुगलेलं.

“माझ्या गाडीची बॅटरी डायरेक्ट जोडा ना मॅडम,” टेम्पोवाल्याने फुकटचा सल्ला दिला. “एका मिंटात उठती.”

“उठते आणि पेटते,” मी म्हटलं. “तुम्ही आधी ती वायर खाली ठेवा.”

सेल शून्याजवळ पडून राहिला की आतलं तांबं विरघळतं. चार्ज करायला गेलं की ते भलत्याच जागी जाऊन साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. असे सेल मी जागवत नाही, आणि घरी कुणी जागवायला जाऊही नये. ते दोन मी कायमचे बाजूला काढले.

उरलेल्या सहांना एकेक करून अगदी बारीक करंट दिला. कैक दिवसांच्या उपाशी माणसाला कुणी पुरणपोळी वाढत नाही, आधी मुगाचं पाणी पाजतात. हे काम अंगणात, विटांवर, शेजारी वाळूची बादली ठेवून. सेल तापतोय का, हे सारखं बघत राहायचं. तीन व्होल्टपर्यंत आले की मग नेहमीचा चार्ज. त्यानंतरचं काम सगळ्यात अवघड, ते म्हणजे काहीच न करणं. भरलेले सेल नुसते ठेवून द्यायचे आणि व्होल्टेज टिकतं का ते पाहायचं. जो आपोआप उतरत जातो तो आतून गळका.

मधेच एका वकीलसाहेबांचा फोन आला. भाऊ यांच्याच टेबलाशेजारी बसतात.

“मॅडम, जरा जल्दी करा. भाऊंच्या जागेवर दुसराच मानूस येऊन बसू राह्यला.”

“घाईत दिली आणि रस्त्यात पेटली, तर तुमच्या कोर्टात पिंजऱ्यात मलाच उभं राहावं लागेल.”

“बराबर हाय. मंग मी त्यांच्या जागेवर माझा कोट टाकून ठिवतो. घ्या तुमचा टाइम.”

सहाच्या सहा सेल टिकले! खरं सांगते, मला चारांचीच आशा होती. दुसऱ्या एका मोडीतल्या बॅटरीतले, तपासून घेतलेले, तेवढ्याच क्षमतेचे दोन सेल जोडीला दिले. लोड लावून, म्हणजे गाडीइतकं ओझं देऊन पाहिलं. नवी असताना जेवढी चालली असती त्याच्या दोन-तृतीयांश चालणार होती. कोर्टात जाऊन-येऊन पुरून उरेल एवढी.

“आता रोज वापरायची,” गाडी देताना मी बजावलं. “चार्जिंग घरात नाही, ओसरीवर. कधी ठेवून द्यायचीच झाली तर निम्मी चार्ज करून मेन स्विच बंद करायचा आणि अधूनमधून बघायची.”

सुमनवहिनींनी तिथल्या तिथे सीटवरचं प्लॅस्टिक फाडून काढलं.

पहिल्याच दिवशी कोर्ट सुटल्यावर भाऊंचा फोन आला.

“मॅडम, बॅटरीच्या अजून तीन कांड्या दिसू राह्यल्या. देवीच्या टेकडीपातूर चक्कर मारून येऊ का?”

“सोबत कोण आहे?”

“कोनीच न्हाई,” ते म्हणाले. “एकटाच हाय मी.”

हे सांगताना त्यांचा आवाज इतका खूश होता की मलाच भरून आलं. म्हटलं, जा की, विचारता काय!

तर, लिथियमची बॅटरी फिरवली तर वर्षानुवर्षं फिरते, नुसती ठेवून दिली तर मरते. यातलं तंत्र एवढंच. आता भाऊंना आवरणं हे वेगळंच काम माझ्यामागे लागलंय. परवा विचारत होते, तिकडे लांब वडीगोद्रीपर्यंत जाईल का. त्याला मात्र मी साफ नाही म्हटलं.