घाई नसलेली रेकॉर्ड

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचो. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. शाळा चौथीपर्यंत, पण मशीन उघडली की कळायची. त्या वर्षी आमची धाकटी पोरगी तापानं गेली. धंतोलीच्या दवाखान्यातून बायको घरी आली, ती बोलायचीच बंद झाली. भाकर थापायची, ताट सरकवायची, बस. चार महिने. मला घर खायला उठायचं.

धरमपेठेतला एक कॉलेजवाला प्लेअर घेऊन आला. आवाज खरखरतो म्हणे. तपासायला विलायतेहून आलेली रेकॉर्ड दिली. मी सुई बदलली, लावून पाहिली. गिटार अशी जड, जशी चढावर अडलेली मालगाडी. ड्रमचा एक ठोका पडला की दुसऱ्याची वाट पाहावी लागे. वाटलं, मशीनच हळू फिरून राहिली. मोटरच्या पुलीवर चिकटटेप गुंडाळून ती जाड केली अन् वेग वाढवला. दुसरी रेकॉर्ड लावून पाहायची अक्कल सुचली नाही.

कॉलेजवाल्यानं ऐकलं अन् कपाळावर हात मारला.

"काका, मयतीत वरात घुसवली तुम्ही! हे गाणंच हळू आहे."

"इतकं हळू कोण गाते गा?"

"मुद्दाम गातात. काढा ती टेप."

काढली. परत लावली. तशी बायको पिठाच्या हातानं आली अन् उंबऱ्यावर बसली. गाणं संपलं, मी सुई उचलली.

"काहून बंद केलं जी?"

चार महिन्यांनी आवाज ऐकला तिचा.

"संपलं वं. विलायती आहे, तुले काय समजते त्यात?"

"समजाचं काय आहे? हा माणूस घाई नाही करून राहिला. तुम्ही सारे मले म्हणता, सोड, सोड."

कॉलेजवाला म्हणाला, राहू द्या आठ दिवस. ती रोज दुपारी ऐकायची. एका दुपारी पोरीचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. मग बोलायला लागली.

गेल्या साली ती गेली. नात सांगते, असल्या जड गाण्यांतूनच पुढं डूम मेटल नावाचा विलायती गाण्यांचा प्रकार निघाला. मोबाइलवर शोधून देते म्हणते, पण गाण्याचं नाव मी तेव्हा विचारलंच नाही. लोक मला आता म्हणतात, सावरा.

घरात सिनेमाच्या रेकॉर्डी आहेत. दुपारी एक लावतो अन् फिरत्या चकतीच्या काठावर बोट टेकवून ठेवतो. गाणं जड होते. मोटर कुरकुरते. असं करू नका, मशीन खराब होते, हे मीच गिऱ्हाइकांना सांगायचो.

होऊ दे खराब.